मोजलेली पावले, मोजलेला पैसा



आपल्या घरांतून वरचेवर घडणारा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. आई पहाटे उठून मोरीत जाते. फरशी ओली असते. सगळे झोपलेत म्हणून तिने दिवा लावलेला नसतो. पाय सरकतो आणि आई आडवी होते. मुले धावतात, उचलून खाटेवर ठेवतात. कोणी तेल गरम करतो, कोणी रिक्षा आणायला पळतो. दवाखान्यात फोटो काढल्यावर कळते की खुब्याचे हाड मोडले आहे. ऑपरेशन होते, आई घरी येते. मग शेजारच्या बाया भेटायला येतात, चहा घेतात आणि उठता उठता दारात हळू आवाजात बोलतात, "खुबा मोडला म्हणजे संपलंच की आता. म्हातारीचं काही खरं नाही."

त्यांना वाटते, आईला ऐकू गेले नाही. पण आईने ऐकलेले असते. त्या दिवसापासून हाडापेक्षा मन जास्त मोडते. मुलगा म्हणतो, "आई, ऊठ, चार पावलं टाक." आई म्हणते, "नको रे बाबा. पडले तर पुन्हा तुलाच खर्च." खाट धरली जाते, आणि धरलेली खाट लवकर सुटत नाही.

या घरांसाठी आजच्या लेखात एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगणार आहे. माणूस आपल्या जातीचा नाही, धर्माचा नाही, देशाचाही नाही. पण त्याचाही खुबा मोडला होता, आणि त्याने काय केले हे आपल्या आयांना, आज्यांना आणि त्यांच्या लेकरांना कळले पाहिजे. त्याच्या माघारी काय घडले, हेही कळले पाहिजे. कारण गोष्टीचा अर्धा धडा त्या उत्तरार्धात आहे.

टॉम मूर हे त्यांचे नाव. ३० एप्रिल १९२० रोजी इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातील कीथली या गावी त्यांचा जन्म झाला. वडील घरे बांधण्याचा व्यवसाय करीत, आई शाळेत मुख्याध्यापिका होती. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात गेले आणि जहाजाने हिंदुस्थानात, आपल्या मुंबईलाच येऊन उतरले. मुंबईहून कलकत्ता, आणि पुढे ब्रह्मदेशातील आराकानची आघाडी. ज्या १९४१ साली आपल्या बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्याच सुमाराची ही हकिकत. युद्ध संपले, कॅप्टन टॉम मायदेशी परतले. पुढे सिमेंट-काँक्रीटच्या कारखान्यात व्यवस्थापक झाले, मोटारसायकलच्या शर्यतीही खेळले. पत्नीच्या निधनानंतर ते बेडफर्डशायरमध्ये मुलीच्या कुटुंबासोबत राहू लागले.

२०१८ साली, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी, ते स्वयंपाकघरात भांड्यांच्या यंत्राशी काम करताना पडले. खुबा मोडला, बरगडी मोडली आणि फुप्फुसालाही इजा झाली. या वयात इतके सगळे एकदम झाल्यावर घरच्यांना काय वाटले असेल ते सांगायला नको. पण ते वाचले. हळूहळू चाकांचा वॉकर धरून चालू लागले. त्यांच्या त्वचेच्या कर्करोगावरही उपचार झाले होते. या साऱ्या काळात ज्या परिचारिकांनी आणि डॉक्टरांनी शुश्रूषा केली, त्यांच्याविषयी त्यांच्या मनात मोठी कृतज्ञता होती.

मग आले २०२० साल. कोरोनाच्या साथीने जगाची दारे बंद झाली. एप्रिलच्या सुरुवातीला घराच्या अंगणात घरच्यांनी थट्टेत सांगितले, की तुम्ही या अंगणात एक फेरी घातलीत की एक पौंड देऊ, शंभराव्या वाढदिवसापर्यंत शंभर फेऱ्या होतात का बघू. म्हाताऱ्याने थट्टा मनावर घेतली. ६ एप्रिलपासून फेऱ्या सुरू झाल्या. अंगणाची लांबी पंचवीस मीटर, ठरवले रोज दहा फेऱ्या. जमतील ते पैसे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला साहाय्य करणाऱ्या संस्थेला द्यायचे. अपेक्षा किती? एक हजार पौंड. आपल्या पैशात तेव्हाचे नव्वद-पंच्याण्णव हजार रुपये.

चार दिवसांत हजार पौंड झाले. मग वर्तमानपत्रांत आले, दूरदर्शनवर आले, आणि पैशाचा ओघ थांबेना. १६ एप्रिलला शंभरावी फेरी पूर्ण झाली, तेव्हा अंगणाच्या कडेला सैनिकांनी उभे राहून मानवंदना दिली. वाढदिवसानंतर देणगी घेणे बंद झाले तेव्हा आकडा होता तीन कोटी वीस लाख पौंडांहून अधिक, म्हणजे सुमारे तीनशे कोटी रुपये. देणाऱ्यांची संख्या पंधरा लाखांवर. वाढदिवसाची शुभेच्छापत्रे लाखाच्या वर आली. ती ठेवायला घर पुरेना म्हणून नातवाच्या शाळेच्या सभागृहात मांडावी लागली. जुलै महिन्यात राणीने त्यांना 'सर' हा किताब दिला. २ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांना निमोनिया झाला होता आणि कोरोनाचीही लागण झाली होती.

आता हिशेब करून बघा. पंचवीस मीटरच्या शंभर फेऱ्या म्हणजे अडीच किलोमीटर. आपल्याकडची बाई टँकरवरून पाणी आणायला दिवसात याहून अधिक चालते. ज्या एप्रिल महिन्यात हे घडले, त्याच महिन्यात आपले मजूर बांधव डोक्यावर गाठोडे आणि कडेवर लेकरू घेऊन शहरांतून गावाकडे शेकडो किलोमीटर चालत होते. त्यांच्या पावलामागे पौंड तर सोडाच, पाणी द्यायलाही कित्येक ठिकाणी कोणी नव्हते. मनात प्रश्न येतो, की मग या अडीच किलोमीटरचे एवढे कौतुक कशासाठी? प्रश्न रास्त आहे, तो मनातून काढू नका. कोणाचे पाऊल जगाला दिसते आणि कोणाचे दिसत नाही, हे विचारण्याचा आपल्याला पुरेपूर हक्क आहे. पण त्याचा राग त्या म्हाताऱ्यावर काढण्याचे कारण नाही. त्याने जे होते त्यातून दिले. शंभराव्या वर्षी, मोडून जोडलेल्या खुब्यावर, चार चाकांच्या आधाराने जेवढे पाऊल टाकता येत होते, तेवढे दुसऱ्यासाठी टाकले.

आणि ते पाऊल आधी त्याच्याच पायाला औषध झाले. माय-बहिणींनो, इकडे नीट लक्ष द्या. खुब्याचे किंवा मांडीचे हाड मोडल्यावर म्हातारे माणूस दगावते, ते पुष्कळदा मोडलेल्या हाडाने नव्हे तर अंथरुणाने. पडून पडून पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचून निमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, स्नायू सुकतात. म्हणून तर आता डॉक्टर ऑपरेशन लवकर करतात आणि बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी धरून उभे करतात. घरच्यांना वाटते, एवढे मोठे ऑपरेशन आणि लगेच उभे केले, डॉक्टरला दयामाया नाही. पण दया तीच असते.

मात्र दुखऱ्या पायावर किती भार द्यायचा, हे प्रत्येकाचे वेगळे असते. कोणाला पूर्ण, कोणाला अर्धा, कोणाला सहा आठवडे अजिबात नाही. ते ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना स्पष्ट विचारून कागदावर लिहून घ्या. मोठ्या सरकारी रुग्णालयांत व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात, त्यांच्याकडून चाल शिकून घ्या. वॉकर असेल तर आधी वॉकर पुढे, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. काठी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. आपल्याकडे दुखऱ्या बाजूला धरतात, ते चूक. सरळ उभे राहून हात सैल सोडला की मनगटाच्या घडीशी काठीची मूठ आली पाहिजे. खालचे रबर झिजले की लगेच बदला, चार पैसे वाचवून दुसरा खुबा मोडू नका. जिना चढताना आधी चांगला पाय वर, उतरताना आधी दुखरा पाय खाली.

मोडलेल्या पायाला कोणाकडून चोळून घेऊ नका. पोटरी सुजली, लाल आणि गरम झाली, किंवा एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, तर ती गुठळी असू शकते. तिथे तेल-मालीश नको, थेट रुग्णालय. पुन्हा पडू नये म्हणून मोरीत धरायला एक दांडी ठोकून घ्या, रात्री एक छोटा दिवा राहू द्या, वाटेतली चिंध्यांची पायपुसणी उचलून टाका. जेवणात नाचणी, तीळ, डाळ, अंडे, परवडेल तेवढे दूध, आणि सकाळच्या उन्हात बसणे. यातले महागडे असे फारसे काही नाही.

कोणी म्हणेल, आमच्याकडे पंचवीस मीटरचे अंगण कुठे आहे? नसू द्या. आपली खोली दहा फुटांची धरली, तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आठ वेळा गेले की त्या साहेबाची जवळजवळ एक फेरी भरते. पहिल्या दिवशी भिंतीपर्यंत एकदा गेले तरी पुष्कळ. नातवाला मोजायला बसवा. वाटीत वालाचे दाणे घ्या, एका खेपेला एक दाणा दुसऱ्या वाटीत. संध्याकाळी दाणे मोजून वहीत आकडा लिहा. काल पाच, आज सहा. हा आकडा औषधाइतका उपयोगी पडतो. दुखणे रोज सारखेच वाटते, पण आकडा खोटे बोलत नाही. तो आईला दाखवून देतो, की तू काल होतीस तिथे आज नाहीस.

चालण्याची ही थोरवी आपल्या धम्माला नवी नाही. बुद्धगयेला तथागतांनी जिथे चंक्रमण केले, ती जागा आजही दाखवतात. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. त्यांचा भावार्थ असा, की लांबचा प्रवास झेपतो, उद्योगाला बळ येते, आजार कमी होतात, खाल्लेले पचते आणि चालता चालता मिळालेली एकाग्रता पुष्कळ काळ टिकते. विहारात आपण ध्यानाला बसतो, तसे सावकाश चालणेही ध्यानच आहे. ज्या आईला मांडी घालून बसता येत नाही, तिने वॉकर धरून केलेले चंक्रमण बसलेल्यांच्या ध्यानाहून कमी प्रतीचे नाही.

आणि मोडलेल्या पायाची गोष्ट निघाली की आपल्याला चाळीसगाव आठवल्याशिवाय कसे राहील? १९२९ साल. परमपूज्य बाबासाहेब अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सभासद होते. ते त्या कामावर चाळीसगावला उतरले. महारवाड्यातील लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला. पण एकही टांगेवाला महाराला टांग्यात बसवून न्यायला तयार होईना. साहेबांना पायी नेणे लोकांना कमीपणाचे वाटले. त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि टांगा हाकण्याची सवय नसलेला आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. नदीवरच्या फरशीपुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत कोसळला. त्यांच्या पायाचे हाड मोडले. कित्येक दिवस हालचाल बंद झाली. ही हकिकत त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नोंदवून ठेवली आहे.

तो पाय मोरीतल्या ओल्या फरशीने मोडला नव्हता, जातीने मोडला होता. आणि पुढच्याच वर्षी, २ मार्च १९३० रोजी, नाशिकला काळाराम मंदिर सत्याग्रहासाठी हजारो स्त्री-पुरुष निघाले, तेव्हा त्यांचे नेतृत्व याच बाबासाहेबांनी केले. पुढे आयुष्याच्या अखेरीस पायांच्या दुखण्याने त्यांना पुन्हा गाठले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर ते उभे राहिले, तेव्हा त्यांच्या हातात काठी होती आणि दुसऱ्याचा आधार घ्यावा लागत होता. काठी धरायची लाज वाटते असे ज्या आई-बापांना वाटते, त्यांनी हे दृश्य एकदा आठवावे. आपल्या लाखो माणसांना धम्म देणारा हात काठी धरलेला होता.

येथवर पावलांचे झाले. आता पैशाचे.

कॅप्टन टॉम यांच्या शंभर फेऱ्यांचा पैसा त्यांच्या हाती आलाच नाही. देणारा संगणकावरून देत होता आणि ती रक्कम देणगी गोळा करणाऱ्या व्यवस्थेमार्फत थेट संस्थेकडे जात होती. तिथून ती वेगवेगळ्या रुग्णालयांच्या साहाय्य-निधींना मिळाली. थकलेल्या परिचारिकांना विश्रांतीच्या खोल्या झाल्या, एकट्या पडलेल्या रुग्णांना घरच्यांशी बोलता यावे म्हणून उपकरणे आली. एक लक्षात ठेवा, तिथे रुग्णालयांतले उपचार १९४८ पासून सरकार करांच्या पैशातून करते, दानाच्या पैशातून नव्हे. औषधोपचार हा माणसाचा हक्क, आणि दान ही त्यावरची मायेची भर. आपणही हा भेद विसरता कामा नये. सरकारी दवाखान्यात औषध नसेल तर आधी तक्रार, मोर्चा, निवेदन. वर्गणी नंतर.

पण जून २०२० मध्ये त्यांच्या नावाने एक वेगळी संस्था स्थापन झाली आणि गोष्टीला वळण लागले. त्या देशात दानसंस्थांवर देखरेख ठेवणारा सरकारी आयोग आहे. त्याने २०२२ मध्ये या संस्थेची रीतसर चौकशी सुरू केली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. अहवालात आयोगाने म्हटले, की कॅप्टन टॉम यांची कन्या आणि जावई यांनी घरचे आणि संस्थेचे हित यांची सरमिसळ केली आणि वारंवार खासगी लाभ घेतला. पुस्तकांच्या करारापोटी आलेली सुमारे पंधरा लाख पौंडांची आगाऊ रक्कम घरच्या कंपनीकडे गेली. लोकांची समजूत होती की त्यातला वाटा संस्थेला मिळेल, पण संस्थेला त्यातले काही मिळाले नाही. संस्थेच्या नावाचा उपयोग करून घराच्या आवारात इमारतीची परवानगी घेतली. प्रत्यक्षात मंजुरीहून मोठी इमारत उभी राहिली आणि तिच्यात स्नानाचा हौदही होता. ती इमारत २०२४ मध्ये पाडावी लागली. दोघांनाही काही वर्षे कोणत्याही दानसंस्थेचे विश्वस्त होण्यास मनाई झाली. त्या दोघांना हा निष्कर्ष मान्य नाही, त्यांनी तो अन्याय म्हटला. हेही नमूद केले पाहिजे, की फेऱ्यांच्या वेळी जमलेल्या तीनशे कोटींशी या चौकशीचा संबंध नव्हता. तो पैसा जिथे जायचा तिथे गेला.

तरी नुकसान व्हायचे ते झालेच. ज्याने प्रत्येक फेरी मोजून घातली, त्याचे नाव न जुळलेल्या हिशेबाशी कायमचे जोडले गेले. म्हाताऱ्याचा दोष नव्हता, पण डाग त्याच्या नावावर पडला. त्याच्या नावाच्या संस्थेने २०२३ मध्ये नव्या देणग्या घेणेही थांबवले.

हे सातासमुद्रापलीकडचे आहे, असे म्हणून पान उलटू नका. हे लिहिणाऱ्याच्याच वस्तीतले उदाहरण सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्यातला एक रंगकाम करणारा भाऊ परांचीवरून पडला. मांडीचे हाड मोडले, आत दांडी घालावी लागली. चार पोरांनी घरोघर हिंडून वर्गणी काढली. धुणीभांडी करणाऱ्या बायांनीही पदराच्या गाठी सोडल्या. पैसे पोचले, पायही बरा झाला. पण किती जमले, किती दिले, उरले ते कुठे गेले, हे कोणी सांगितलेच नाही. वही हरवली म्हणाले. पोरांनी खाल्ले असे मी म्हणत नाही. बहुधा खाल्ले नसतीलच. पण पुढच्या वर्षी आमच्याच गल्लीतल्या एका बाईच्या पायावरून टेम्पो गेला, तिच्यासाठी पोरे पुन्हा दारोदार फिरली, तेव्हा दर तिसऱ्या दारात एकच प्रश्न आला, "मागच्याचा हिशेब कुठाय?" निम्मेसुद्धा पैसे जमले नाहीत. त्या बाईला वॉकर घ्यायला दोन महिने उशीर झाला. ते दोन महिने ती खाटेवर होती. आज ती लंगडते.

तिचा पाय टेम्पोने जेवढा अधू केला, तेवढाच हरवलेल्या वहीने केला.

भगवंतांच्या उपदेशात दानाचा एक फार बारकाईचा विचार आहे. उत्तम दान ते, की ज्यात देण्याआधी मन आनंदी असते, देताना प्रसन्न असते आणि दिल्यानंतर समाधानी राहते. पहिले दोन आनंद देणाऱ्याच्या हातात आहेत. तिसरा मात्र घेणाऱ्याच्या हातात आहे. हिशेब दिला नाही तर दात्याचा तिसरा आनंद हिरावला जातो, आणि तो गेला की पुढच्या वेळी पहिलाही उरत नाही. म्हणून हिशेब हे नुसते कारकुनी काम नाही, ते धम्माचे आचरण आहे.

यावरून मनात एक विचार आला, तो आपल्यापुढे ठेवतो. येत्या काळात आपल्या घरात, वस्तीत कोणी पायाच्या दुखण्यातून उठत असेल, तर त्याच्या पावलांचा एक छोटा संकल्प करा. आजी रोज जेवढ्या फेऱ्या घालील, तेवढे रुपये घरच्यांनी, शेजाऱ्यांनी द्यायचे. विहारातल्या अभ्यासिकेला पुस्तके घ्या, किंवा वस्तीसाठी दोन वॉकर आणि एक चाकांची खुर्ची घेऊन विहारात ठेवा. ज्याला लागेल त्याने न्यावी, बरा झाला की परत आणावी. उद्या आणखी कोणाचा पाय मोडला तर त्याला दोन महिने थांबावे लागणार नाही.

पण काही पथ्ये पाळा. पहिले म्हणजे, डॉक्टरांनी सांगितल्यापलीकडे एकही फेरी नको. पैशासाठी आजीला दमवू नका. दुखणे वाढले तर त्या दिवशी शून्य लिहा, शून्यही खरा आकडाच आहे. दुसरे, पैसा कशासाठी ते आधीच कागदावर लिहा आणि त्यातच खर्च करा. तिसरे, पैसा चालणाऱ्याच्या घरात ठेवू नका. बाहेरच्या दोन माणसांकडे ठेवा, त्यातली एक बाई असू द्या. घरच्यांवर अविश्वास म्हणून नव्हे, घरच्यांवर बोट येऊ नये म्हणून. चौथे, एक रुपया दिला तरी पावती. पाचवे, काम झाल्यावर जमा-खर्च विहाराच्या फळ्यावर लिहा आणि रविवारच्या वंदनेनंतर मोठ्याने वाचून दाखवा. काम कायमचे व्हायचे असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे रीतसर नोंदणी करा आणि दरवर्षी हिशेब तपासून घ्या. जयंतीच्या वर्गणीलाही हीच पथ्ये लावली तर किती भांडणे मिटतील, हे मी वेगळे सांगत नाही.

आमच्या गल्लीतल्या त्या बाईने मागे मला विचारले होते, "भाऊ, माझ्यासाठी जमलेल्या पैशाचा तरी हिशेब लिहिलाय का कुणी?" मी पोरांना विचारले. या खेपेला वही होती. एका शाळकरी मुलीने ती लिहिली होती, नाव, घर, रक्कम, शेवटी बेरीज. विहाराच्या फळ्यावर तो हिशेब लागला. पैसे थोडेच होते, पण लोक उभे राहून वाचत होते. ती बाईही काठी टेकत आली, आणि तिने आपल्या नावापुढचा आकडा बोट ठेवून वाचला.

आज संध्याकाळी आपल्या घरातल्या खाटेवरच्या माणसापाशी बसा. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर हात द्या आणि उठवा. भिंतीपर्यंत एकदा. वाटीत एक दाणा टाका आणि वहीत एकचा आकडा लिहा. उद्याचे उद्या.

जयभीम! नमो बुद्धाय!